फळबाग अनुदान : पूर्वसंमती मेअखेर हवी

महोदय,

भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेचे अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असे मिळते. कोकणासाठी किमान क्षेत्र १० गुंठे ठेवले आहे, ही सोय चांगलीच. घोडे अडते ते पुढच्या दोन हप्त्यांपाशी. कोरडवाहू बागेत ८० टक्के आणि बागायती बागेत ९० टक्के झाडे जिवंत हवीत. हापूस दहा बाय दहा मीटरवर लावला तर हेक्टरी १०० कलमे बसतात. कोरडवाहू बागेत पाहणीला ७९ उभी दिसली, की पदरच्या पैशाने नांग्या, म्हणजे मेलेल्या झाडांच्या मोकळ्या जागा, भराव्या लागतात. अट रास्त आहे, नाहीतर बागा कागदावरच फळतील. पण कलमे मरतात का, याचे उत्तर बरेचसे लागवडीच्या तारखेत आहे.

कातळालगतच्या वरकस, म्हणजे हलक्या जमिनीत जांभी माती पाणी धरत नाही. मृगात लावलेल्या कलमाला ऑक्टोबरपर्यंत चार महिने मिळतात आणि मुळे खड्ड्यातल्या मातीत शिरतात. कृषी विभागाची लागवडीआधीची मंजुरी, म्हणजे पूर्वसंमती, श्रावणात आली आणि कलम गणपतीनंतर लागले, तर मुळे पिशवीतल्या गोळ्याबाहेर पडण्याआधीच पाऊस जातो. मग पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला दहा-पंधरा लिटर पाणी आणि झापांची (विणलेल्या माडाच्या झावळ्यांची) सावली दिली तरच ते तगते. फेब्रुवारीत हिरवे दिसणारे कलम एप्रिलमध्ये सांध्यावर, म्हणजे हापूसची काडी खालच्या रायवळ (गावठी आंब्याच्या) रोपाला बांधलेल्या जागी, वाळते आणि खालून ते रोप, म्हणजे खुंट, फुटतो. लांबून झाड जिवंतच वाटते. वाकून सांधा पाहिला तरच कळते, की ती पाने रायवळाची आहेत. अशा झाडावर हप्ता मिळेलही, हापूस मिळणार नाही.

नर्सरीची अडचण वेगळीच. कोवळ्या रोपावर बांधायच्या कोय कलमासाठी रायवळाचे बाठे (कोयी) जूनमध्ये रुजत घालतात. रोप पंधरा दिवसांचे, पाने तांबूस असतानाच कलम बांधावे लागते. पाने हिरवी झाली की यश घटते. जुलै-ऑगस्टमध्ये बांधलेले कलम विक्रीला येते पुढच्या जूनमध्ये. म्हणजे किती बांधायची हे वर्षभर आधी ठरवायचे आणि मागणी कळणार पूर्वसंमती निघाल्यावर! तोवर चांगली कलमे रोखीच्या गिऱ्हाइकाने उचललेली असतात. उरतात ती पिशवीच्या तळाशी मुळांची वेटोळी झालेली. अशी कलमे घेऊच नयेत. लावताना पिशवी फाडून काढावी, सांधा जमिनीच्या वर ठेवावा, त्याची प्लॅस्टिक पट्टी काचत असेल तर सोडवावी आणि खुंटाची फूट दिसेल तेव्हा खुडावी. बिलावर नर्सरीचा परवाना क्रमांक, जात आणि नग लिहून घ्यावेत. फळझाडांच्या नर्सरीला १९६९ च्या राज्य कायद्याने परवाना लागतो.

कागदांची तयारी मात्र शेतकऱ्यानेच आधी करायला हवी. सातबाऱ्यावर सामाईक खातेदार असतील तर त्यांचे संमतीपत्र लागते, कुळाचे नाव असेल तर कुळाचेही. निम्मे खातेदार मुंबईत. तेव्हा चाकरमानी शिमग्याला आले, की पालखी नाचवून झाल्यावर सह्या उरकाव्यात. बँक खाते आधारशी जोडलेले आहे का, तेही तेव्हाच पाहावे.

कुंपण स्वखर्चाचे आहे आणि ऐच्छिकही, पण भातकापणीनंतर गुरे मोकाट सुटतात. गडगा (दगडी बांध) नाही तर निदान काटेरी शिरी तरी लावायलाच हव्यात. वणव्यासाठी बागेभोवतीचे गवत जानेवारीतच काढावे.

कृषी विभागाकडे मागणे दोनच. पूर्वसंमती मेअखेर द्यावी आणि जिवंत झाडांची पाहणी मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात, सांधा बघून करावी. जानेवारीत मोजलेले झाड एप्रिलमध्ये जाऊ शकते आणि सप्टेंबरात कळलेली नांगी भरून उपयोग नसतो. मेमध्ये पाहणी झाली तर किती नांग्या आहेत ते मृगाआधी कळेल, आणि त्याच वेळी नर्सरीत नवी कलमे तयार असतात.

– काही आंबा बागायतदार व रोपवाटिकाधारक, दापोली