आनापान म्हणजे प्राणायाम नव्हे

महोदय,

महाराष्ट्रातील शाळांत ‘मित्र उपक्रमा’त मुलांकडून १० मिनिटे आनापान, म्हणजे श्वासाकडे लक्ष देण्याचे ध्यान, करून घेतात. उपक्रम मोलाचाच, पण कुठे कुठे ‘दीर्घ श्वास घ्या, मोजा’ अशा सूचना दिल्या जातात आणि तिथेच गाडे अडते. आनापानात श्वास बदलायचा नसतो; नाकपुड्यांशी येणारा-जाणारा नैसर्गिक श्वास फक्त जाणायचा. मुद्दाम जोरजोरात ओढत राहिल्यास चक्कर येऊ शकते. श्वास जाणवेनासा झाला तर दोन-चार श्वास किंचित जोराने घ्यावेत, लगेच सहज श्वासावर परतावे. मन भटकणारच, त्यासाठी मुलांना रागावू नये. पाठ ताठ, खांदे सैल. मधल्या सुट्टीतल्या जेवणानंतर मुले पेंगतात, म्हणून परिपाठाची वेळ बरी. आणि शिक्षकांनी तेव्हा वह्या तपासत न बसता मुलांसोबत डोळे मिटून बसावे.