नानांस, ईराच्या प्रगतिपुस्तकाविषयी

सिनसिनाटी, ओहायो

तीर्थरूप नाना आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार.

आम्ही तिघं मजेत आहोत. फराळाचा डबा पोचला. चकल्या मोडल्या नाहीत आणि चिवडा तर संपलासुद्धा. थंडी सुरू झालीय, पण घरात हीटर असतो, तेव्हा आई, तू स्वेटर विणायला घेऊ नकोस, डोळ्यांना ताण नको. बाकी आमचं रोजचंच.

लिहायला बसले ती नानांच्या परवाच्या फोनमुळे. ईराचं प्रगतिपुस्तक व्हॉट्सॲपवर पाहून नाना, तुम्ही एवढंच म्हणालात, "गणितात बी आणि धर्माच्या विषयात ए? काय चाललंय तिथे?" आणि फोन आईकडे दिलात. तेव्हापासून माझ्या डोक्यातून ते जात नाही. फोनवर मला नीट सांगता येत नाही, म्हणून लिहिते.

आधी गणित. ईराच्या या कॅथलिक शाळेत तिसरीपर्यंत ए-बी-सी नसतं. जमतंय, जमू लागलंय, अजून जमत नाही, एवढंच कळवतात. चौथीपासून अक्षरं सुरू होतात, म्हणजे ईराचं हे पहिलंच. आणि माप कडक आहे: 93 पासून वर ए, 85 ते 92 बी, आणि 70 च्या खाली गेलं की नापास. आपल्याकडे 35 ला पास व्हायचे! ईराला 91 आहेत. तुमच्या वर्गात कुणी 91 मिळवले असते तर तुम्ही त्याची पाठ थोपटली असती की नाही? शिवाय हे एका परीक्षेचे गुण नव्हेत. सहामाही-वार्षिक असं काही नसतं, गृहपाठ, छोट्या चाचण्या, धडा संपल्यावरची मोठी चाचणी, सगळं धरून साधारण नऊ आठवड्यांनी हिशेब होतो. गृहपाठ उशिरा दिला की गुण गेलेच.

गुण कुठे गेले ते मी पेपर घेऊन बघितलं. 24 खोकी, प्रत्येकात 15 पेन्सिली, एकूण किती? ईराने नुसतं 360 लिहिलं. तुम्ही व्हिडिओ कॉलवर पंधराचा पाढा घोटून घेतलाय ना, पंधरा वीसे तीनशे, पंधरा चोक साठ, तिचं मनातच झालं. चारपैकी दोन गुण मिळाले. शेजारी बाईंनी हिरव्या शाईने लिहिलंय, "बरोबर! पण कसं काढलंस ते दाखव." त्यांना हवी होती चौकट: 24 चे 20 आणि 4, 15 चे 10 आणि 5, मग चार खणांत 200, 100, 40, 20 आणि शेवटी बेरीज. उत्तर येणं पुरत नाही, विचार कागदावर दिसला पाहिजे. मला आधी पटलं नव्हतं. आता वाटतं, पाढे तुमचे आणि चौकट बाईंची, दोन्ही तिच्याजवळ असली तर बिघडलं काय? पाढे बंद करू नका, एवढं कळकळीने सांगते. इथे बारापर्यंतच करतात.

"वर्गात कितवी आली?" हेही तुम्ही विचारलंत. नाना, ते मला माहीत नाही, आणि कळायची सोयही नाही. हे तुम्हाला विचित्र वाटेल म्हणून सविस्तर सांगते. इथे नंबर काढतच नाहीत. पेपर वाटताना उलटा करून बाकावर ठेवतात, शेजारच्याला दिसू नये म्हणून. दुसऱ्या मुलाचे गुण त्याच्या आईला विचारणं म्हणजे कुणाला त्याचा पगार विचारण्यासारखं. पालकसभेत सगळे एकत्र बसत नाहीत, प्रत्येकाला ठरलेली पंधरा मिनिटं, दार लावून. अमोलने बाईंना विचारलं, इतरांच्या मानाने ईरा कशी आहे? त्यांनी हसून ईराचीच ऑगस्टमधली वही काढली आणि आत्ताची तिच्याशेजारी ठेवली. झालं उत्तर! सगळ्या विषयांत ए किंवा बी असलेल्यांची यादी लागते, तिला ऑनर रोल म्हणतात, ईरा त्यात आहे, पण तीही आडनावाच्या अक्षरानुसार. वर्षातून तीनदा एक कॉम्प्युटरवरची चाचणी होते. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड येतो. तिच्यात ईराचं 88 पर्सेंटाइल आहे. हे टक्के नव्हेत हं, आई. देशातल्या तिच्या इयत्तेच्या शंभर मुलांत साधारण 88 तिच्या मागे, असा अर्थ. तेव्हा नंबर हवाच असेल तर हा घ्या.

आता धर्म. नाना, तुमची काळजी कळते मला, पण तिला कुणी ख्रिश्चन करत नाहीये. धर्म हा तिथे शिकायचा विषय आहे, वही आहे, चाचणी आहे. बायबलमधल्या दहा आज्ञा पाठ करायच्या होत्या, आणि रामरक्षा पाठ असलेल्या मुलीला त्या काय जड जाणार? तो ए तुमचाच आहे. आठवड्यातून एकदा चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे सामूहिक प्रार्थना असते. प्रसाद फक्त कॅथलिकांना, बाकीची मुलं छातीवर हात दुमडून पुढे जातात आणि फादर आशीर्वाद देतात. फेब्रुवारीत नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला आजी आम्हाला न्यायची, मेणबत्ती लावायची, तेव्हा तुम्ही कधी अडवलं नाहीत.

इतिहास तुम्हाला आवडतो म्हणून सांगते. एकोणिसाव्या शतकात इथल्या सरकारी शाळांतून प्रोटेस्टंट बायबल वाचलं जायचं. आयर्लंड, जर्मनी, इटलीहून आलेल्या गरीब कॅथलिकांना ते नको होतं. 1884 मध्ये बाल्टिमोरला बिशपांनी ठराव केला की प्रत्येक चर्चने आपली शाळा काढावी. परक्या मुलखात आपलं टिकावं म्हणून त्यांनी पै-पै जोडून शाळा उभ्या केल्या. 1960 च्या दशकात त्यांत 50 लाखांवर मुलं होती, आता 20 लाखांच्या आत. शिकवायला सिस्टर, म्हणजे नन, फार थोड्या उरल्यात. म्हणून आपल्यासारख्यांनाही जागा मिळते, वर्ग लहान राहतो आणि बाईंना ईराच्या वहीकडे बघायला वेळ असतो. सरकारी शाळा फुकट असताना इथे का, याचं माझं उत्तर एवढंच आहे.

फीचं म्हणाल तर झेपते. ओहायोत 2023 पासून उत्पन्न कितीही असो, सरकारी शिष्यवृत्तीला अर्ज करता येतो, उत्पन्न वाढलं की रक्कम कमी होते. आम्हाला थोडी मिळते. तुम्ही पेन्शनमधून काहीही पाठवायचं नाही.

उलट मीच परवा अभिच्या लग्नासाठी त्याच्या खात्यावर पैसे टाकलेत. गंगापूर रोडच्या लॉन्सचा दुसरा हप्ता त्यातून द्या, उरतील ते आईच्या गुडघ्यासाठी. मुहूर्त डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातला, तेव्हा मी आणि ईरा येतोय. अमोलला जमत नाही, तिसरं तिकीट परवडलं नाही, खरं सांगते. अमोलला रजा मिळाली नाही असं व्याह्यांना सांगा. हळदीच्या आदल्या दिवशी पोचू आणि पूजा झाली की निघू. ईराचा बुडालेला अभ्यास परत आल्यावर भरून घेतात, त्याची चिंता नाही. चिंता ऑपरेशनची आहे. ते तुम्ही जानेवारीत ठेवलंत आणि तेव्हा मी नसेन. माझ्यासाठी डिसेंबरात ओढू नका, डॉक्टर म्हणतील तेव्हाच करा. दिवसभराच्या बाईचे पैसे मी दर महिन्याला पाठवीन. आई, नको म्हणू नकोस, तेवढं तरी करू दे.

ईराच्या परकराचं माप जुनं धरू नका, उंची वाढलीय, चार बोटं जास्त घ्या. नव्या वहिनीच्या बांगड्यांचं माप अभिला विचारून कळवा. मी इथून काय आणू तेही लगेच कळवा.

तुमची,
मनू