काटकसर आता कुठे करायची?

महोदय,

घरखर्च कमी करण्याचे सल्ले हल्ली सगळीकडे वाचायला मिळतात. आम्ही दोघे ते केव्हापासून पाळतो. तेलाचा डबा बंद करून एक लिटरची पिशवी आणतो. ती रिकामी झाली की पत्नी कात्रीने कापून आतून कणकेचा गोळा फिरवते. आमटीत तूरडाळ निम्मी, मसूर निम्मी. भाजीला बाजार उठायच्या वेळी जातो. रक्तदाबाच्या गोळ्या जनऔषधी केंद्रातून आणू लागल्यापासून मात्र खरोखर मोठी बचत झाली, हे इतर ज्येष्ठांना आवर्जून सांगतो.

पण यापुढे कापायचे काय? सप्टेंबर २०२४ मध्ये खाद्यतेलावरचे आयात शुल्क वाढले, एप्रिल २०२५ मध्ये सिलिंडर ५० रुपयांनी महागला. आम्हा कामगारांच्या ईपीएस-९५ या पेन्शन योजनेतली किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ मध्ये १००० रुपये ठरली. पुढे दहा वर्षे उलटली तरी आकडा हलला नाही, कारण तिला महागाई भत्ताच जोडलेला नाही. सरकारी कर्मचाऱ्यांना तो मिळतो आणि मिळायलाच हवा. मग सूतगिरणीत उभ्याने आयुष्य काढलेल्यांना का नको?

गेल्या महिन्यात पत्नी गुडघ्याच्या गोळ्या एक दिवसाआड घेऊ लागली, मला न सांगता. पाकिटात उरलेल्या गोळ्या मोजल्या तेव्हा कळले. ही काटकसर मला मान्य नाही. किमान पेन्शन वाढवून तिला महागाई भत्ता जोडावा, अशी सरकारला कळकळीची विनंती आहे.

– एक निवृत्त कामगार, इचलकरंजी