राखीव पंपही फिरला पाहिजे

ती. आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबांचे पत्र आणि त्याखाली आईने लिहिलेल्या ओळी मिळाल्या. माझी प्रकृती उत्तम आहे. जेवण, झोप, खोली यांविषयी फोनवर बोलणे होतेच, म्हणून ते पुन्हा लिहीत नाही. बाबांनी मात्र या वेळी सरळ विचारले आहे की, इंजिनिअर झालेल्या मुलीने परदेशात जाऊन सांडपाण्याच्या केंद्रात नोकरी का करावी, आणि यंत्रे नीट सांभाळली जात असतील तर रात्री-अपरात्री तिला बोलावणे का येते. फोनवर मी घाईघाईने काहीतरी उत्तर दिले आणि आवाजही थोडा चढला. म्हणून आज निवांतपणे लिहीत आहे.

शहराचे सांडपाणी थांबवता येत नाही, ही या कामातील पहिली गोष्ट. कारखान्यातले यंत्र बिघडले तर उत्पादन थांबते आणि दुसऱ्या दिवशी भरून काढता येते. इथे पंप थांबला तरी पाणी येतच राहते, विहिरीसारख्या खोल टाकीतली पातळी वाढत जाते आणि शेवटी ते पाणी तसेच नदीत जाते किंवा मागे तुंबून लोकांच्या घरात शिरते. म्हणून कोणते यंत्र महत्त्वाचे, हे आम्ही त्याच्या किमतीवरून ठरवत नाही. ते बंद पडल्यावर काय होईल आणि हाती किती वेळ उरेल, यावरून ठरवतो. पातळी मोजणारे उपकरण चुकले तरी पंप सुरू व्हावा म्हणून टाकीत एक साधा फ्लोट स्विच, म्हणजे पाण्यावर तरंगणारा स्विच, सोडलेला असतो. तो अगदी स्वस्त असतो, पण आमच्या यादीत त्याचे स्थान फार वर आहे.

हवा पुरवणाऱ्या ब्लोअरचेही तसेच. पाणी स्वच्छ करतात ते जिवाणू. १९१४ मध्ये आर्डर्न आणि लॉकेट यांनी मँचेस्टरमध्ये मांडलेली ही पद्धत आजही जगभर चालते. त्या जिवाणूंना पाण्यात लिटरमागे साधारण दोन मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू लागतो. ब्लोअर आम्ही दुरुस्त करू शकतो, पण अमोनिया पचवणारे जिवाणू हवेवाचून मेले तर त्यांची वाढ इतकी सावकाश होते की घडी पुन्हा बसायला कित्येक आठवडे लागू शकतात. रात्री फोन येतो तो याचसाठी. आणि बाबा, फोन आला म्हणजे काही मोडले असा अर्थ नसतो. पुष्कळदा फिरत्या दांड्याला आधार देणाऱ्या बेअरिंगचे तापमान हळूहळू चढताना दिसते आणि राखीव ब्लोअर सुरू करून पहिला थांबवायचा की नाही, एवढेच ठरवायचे असते.

तुम्ही सुचवले आहे की दरवर्षी प्रत्येक यंत्र पूर्ण खोलून त्यात नवे भाग घालावेत, म्हणजे काळजीच नको. मलाही सुरुवातीला हेच शहाणपणाचे वाटत असे. परंतु १९७८ मध्ये नोलन आणि हीप या युनायटेड एअरलाइन्सच्या दोन अधिकाऱ्यांनी विमानांच्या भागांचा जो अभ्यास मांडला, त्यात वय वाढेल तसा बिघाड वाढण्याचा क्रम फक्त ११ टक्के भागांत आढळला. उलट ६८ टक्के भागांत बिघाडाची शक्यता नवे बसवल्यानंतरच्या काळात सर्वांत जास्त होती आणि पुढे ती जवळजवळ सारखी राहिली. विमान आणि सांडपाण्याचा पंप एक नव्हेत, आणि वाळू-कचऱ्याने पंपाचा पंखा झिजतो तो झिजतोच; पण नीट चाललेले यंत्र विनाकारण उघडले की मोटर आणि पंप जोडणारे कपलिंग किंचित तिरके बसणे, गळती रोखणाऱ्या मेकॅनिकल सीलला कण लागणे, बोल्ट कमी-जास्त आवळले जाणे असे धोके आपणच आत घालतो. म्हणून आम्ही आधी पाहतो आणि ऐकतो. कंपन मोजतो, तेलाचा नमुना तपासायला पाठवतो, मोटरच्या तारांवरील वेष्टनाचा विद्युतरोध मोजून मागच्या आकड्यांशी ताडून पाहतो. आकडा एकदा वर गेला तर लक्ष ठेवतो, चढतच राहिला तर दुरुस्तीचा दिवस आपण निवडतो. ग्रीससुद्धा मोजूनच घालतात, कारण जास्त झालेले ग्रीस बेअरिंगमध्ये घुसळले जाऊन त्याला तापवते.

या सगळ्यात मला सर्वांत जिव्हाळ्याचे वाटते ते राखीव यंत्राचे काम. बंद असलेले यंत्र सुरक्षित आहे असे कोणालाही वाटेल, पण शेजारचा पंप चालू असताना त्याची थरथर जमिनीतून याच्या बेअरिंगपर्यंत पोहोचते, शाफ्ट म्हणजे फिरणारा दांडा स्थिर असल्यामुळे बेअरिंगमधल्या गोळ्या एकाच जागी घासत राहतात आणि तिथे बारीक खड्डे पडतात. मग नेमक्या गरजेच्या दिवशी सुरू केले की तेच यंत्र कुरकुरते. म्हणून राखीव पंपाला ठरलेल्या क्रमाने कामावर घ्यावेच लागते. जनरेटरचीही महिन्यातून एकदा अर्धा तास चाचणी होते आणि तीही निदान तीस टक्के भार टाकून. नुसता रिकामा फिरवला तर इंजिन पुरेसे तापत नाही आणि न जळलेले डिझेल व काजळी धुराच्या मार्गात साठत जाते. कागदावर "राखीव उपलब्ध" असे लिहिणे सोपे आहे. माझ्या सहीखाली ते शब्द खरे असावेत, यासाठी मी झटते.

आईला वासाची आणि विषारी वायूची धास्ती आहे. आई, वास येतो, हे मी नाकारत नाही. पण आम्ही नाकावर विसंबून राहत नाही, कारण हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूचे प्रमाण दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास गेले की नाकाला त्याचा वासच कळेनासा होतो. माझ्या कॉलरला वायू मोजणारे यंत्र अडकवलेले असते आणि ते दहा भागांवरच ओरडू लागते. हवेतला प्राणवायू साडेएकोणीस टक्क्यांखाली गेला तरी ओरडते. बंद टाकीत कोणीही एकटे उतरत नाही. तोंडाशी एक माणूस केवळ पाहत उभा असतो आणि उतरणाऱ्याला वर ओढून घेण्याची दोरी आधीच बांधलेली असते. गटारात उतरलेल्या माणसांच्या ज्या बातम्या तुम्ही वाचता, त्यांत वाचवायला गेलेला दुसराही दगावलेला असतो. तसे इथे होऊ नये म्हणून हे नियम आहेत आणि ते मोडणाऱ्याला कामावरून परत पाठवतात.

इथली एक रीत तुम्हाला विचित्र वाटेल. दुरुस्तीला हात लावण्यापूर्वी प्रत्येक माणूस त्या यंत्राच्या मुख्य स्विचला स्वतःचे कुलूप लावतो. पाच जण काम करणार असतील तर एका स्विचला पाच कुलपे, प्रत्येकावर त्याच्या नावाची पाटी, आणि प्रत्येकाची किल्ली ज्याच्या त्याच्या खिशात. त्यानंतर जो तो सुरू करण्याचे बटण मुद्दाम दाबून पाहतो, यंत्र हलत नाही ना याची खात्री करून घेतो आणि मगच हात घालतो. साहेबांचे कुलूप असले तरी मदतनिसाचे वेगळे असतेच. काम संपल्यावर आपले कुलूप आपणच काढायचे. एखादा विसरून घरी गेला तर तो सुखरूप बाहेर आहे याची खात्री होईपर्यंत त्याच्या कुलपाला कोणी हात लावत नाही, मग पंपाची कितीही निकड असो. प्रथम मला हा वेळेचा अपव्यय वाटला होता. आता माझी किल्ली खिशात असल्याखेरीज मी साधा पट्टाही बदलत नाही. आई, माझ्या जिवाची किल्ली माझ्याच खिशात असते, एवढे लक्षात ठेव.

आता घरच्या गोष्टी. कर्जाचा हप्ता आणि बाबांच्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठीची रक्कम एकत्रच पाठवली आहे. जादा पाळ्यांचे पैसे मिळाले होते, त्यामुळे माझी काही ओढाताण झालेली नाही. कृपया शस्त्रक्रिया पैशांसाठी पुढे ढकलू नका. शस्त्रक्रियेच्या दिवशी दादाच रजा घेईल, हे मला ठाऊक आहे. दवाखाना, बँक, रात्रीचे जागरण हे सारे तो एकटा करतो आणि त्याला राखीव असे कोणीच नाही. इथे एकाच पंपावर भार टाकू नये असा आग्रह मी सगळ्यांपुढे धरते, तेव्हा तो अनेकदा आठवतो. त्याला हे वाचून दाखवा किंवा नका दाखवू, पण वहिनीला विचारून त्याला चार दिवस विश्रांती मिळेल असे पाहा.

धाकटीच्या लग्नाची तारीख ठरली, याचा मला मनापासून आनंद झाला. अडचण अशी की पाऊस नसताना आणि पाण्याची आवक कमी असतानाच आम्हाला मोठी टाकी रिकामी करून तिच्या तळातला गाळ ओढणारा यांत्रिक फावडा दुरुस्त करता येतो, आणि तारीख त्याच दिवसांत येते. रजेचा अर्ज दिला आहे आणि माझ्या जागी उभा राहील अशा सहकाऱ्याला सगळे काम समजावून देत आहे. येईनच असे आज लिहीत नाही, कारण खोटी आशा दाखवली तर तिला अधिक वाईट वाटेल. माझ्या स्थळाविषयी म्हणाल तर, त्या मंडळींना मुलगी परदेशात "पाण्याच्या खात्यात" आहे असे मोघम सांगू नका. सांडपाण्याची यंत्रे सांभाळते आणि रात्री फोन आला तर जाते, हे स्पष्ट सांगा. त्यांना ते चालत असेल तर पुढे बोलू.

रक्कम जमा झाली की दादाला कळवायला सांगा. वडीलधाऱ्यांस नमस्कार, लहानांस अनेक आशीर्वाद.

तुमची,
थोरली