दलीप सिंग सौंद यांना, उशिराच लिहिलेलं आभाराचं पत्र

आदरणीय डॉ. सौंद साहेब,
सा. न. वि. वि.

तुम्ही जाऊन पन्नास वर्षं उलटून गेली. 1973 च्या एप्रिलमध्ये तुम्ही गेलात तेव्हा मी सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या एका वस्तीवर पाटीवर मुळाक्षरं गिरवत होते. अमेरिकेच्या संसदेत पंजाबातल्या खेड्यात जन्मलेला एक माणूस तीनदा निवडून गेला होता, हे आमच्या मास्तरांनाही ठाऊक नसणार. त्यामुळे आपली ओळख झाली ती पुष्कळ नंतर, आणि तीही एकतर्फी. तरी आभार मानायचे आहेत आणि ते चारचौघांत मानायचे आहेत, कारण तुमची मदत झाली तीच मुळी चारचौघांतल्या कामात.

मी दक्षिण कॅलिफोर्नियात, रिव्हरसाइड काउंटीत राहते. म्हणजे तुमच्याच जुन्या मतदारसंघाच्या मुलखात. मागच्या खेपेला मी आमच्या गावच्या शाळा मंडळाच्या निवडणुकीला उभी राहिले. पद अगदी लहान, पगार नावापुरता, काम डोक्याला ताप देणारं. अर्ज भरल्यावर पहिला प्रश्न आला तो आपल्याच माणसांकडून: "आपली मतं किती?" गणेशोत्सवातल्या जेवणाच्या पंगतीत बसल्या जागी हिशोब झाला. मराठी घरं इतकी, गुजराती इतकी, तेलुगू इतकी, त्यांतले नागरिक किती, त्यांतले मतदानाला बाहेर पडणारे किती. बेरीज पाहून सगळ्यांनी मायेनेच सांगितलं, वहिनी, कशाला उगाच? मी उभी राहिले आणि पडले. त्यानंतर बरेच दिवस मला त्या हिशोबाचंच खरं वाटत होतं.

आमच्याच काउंटीतल्या टेमेक्युला गावच्या पोस्टाच्या इमारतीला 2005 पासून तुमचं नाव आहे. ते नाव मी येता-जाता वाचलं होतं, त्यापलीकडे काही नाही. पडल्यानंतरच्या रिकाम्या दिवसांत तुमची हकीकत मुळापासून वाचायला घेतली.

तुमच्याबद्दल लिहिणारे सगळे 'पहिले' या शब्दापासून सुरुवात करतात: अमेरिकी काँग्रेसमधले पहिले आशियाई, पहिले भारतीय, पहिले शीख. हे खरंच आहे, पण मला त्यात फार रस नाही. पहिलेपणा हा नंतर मोजणाऱ्यांचा हिशोब. मला बांधून ठेवलं ते त्याआधीच्या तीस वर्षांनी, ज्यात वरवर पाहता काहीच घडत नव्हतं.

1920 मध्ये तुम्ही छज्जलवाडीहून निघून एलिस आयलंडमार्गे इथे आलात ते फळं डबाबंद करण्याचं शास्त्र शिकायला. बर्कलीला मात्र गणितात रमलात आणि 1924 मध्ये डॉक्टरेट घेतलीत. पण त्याच्या आदल्याच वर्षी भगतसिंग थिंद खटल्याचा निकाल लागला होता. भारतीय माणूस 'गोरा' नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवून टाकलं. (थिंद यांच्या वकिलांचं नाव सखाराम गणेश पंडित. हे नाव वाचून माझे कान टवकारले, अर्थातच. थिंद तो खटला हरल्यावर सरकार पंडितांचंही नागरिकत्व काढून घ्यायला निघालं. तो दावा मात्र पंडित जिंकले.) नागरिकत्व नाही म्हणजे कॅलिफोर्नियात जमीन नाही. विकत नाहीच, 1920 नंतर खंडानेही नाही. गणिताचे डॉक्टर असून शिकवायची नोकरी मिळेना. तुम्ही इंपीरियल व्हॅलीत जाऊन कापूस वेचणाऱ्या टोळीचे मुकादम झालात.

ही व्हॅली मी पाहिलेली आहे. जतची असल्यामुळे मला दुष्काळी माती परकी वाटत नाही, पण तिथला उन्हाळा वेगळाच. समुद्रसपाटीच्याही खाली असलेलं वाळवंट, आणि कोलोराडो नदीचं पाणी कालव्याने आणून त्यावर पिकवलेली लेट्यूस, कलिंगडं, लसूणघास. कालवा आला की माणसाची भाषा बदलते, पाळी कधी, पाणी किती, हेच बोलणं. आमच्याकडे म्हैसाळचं पाणी यायची वाट बघत दोन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या, म्हणून सांगते. अशा ठिकाणी वेस्टमोरलंड नावाच्या छोट्याशा गावात तुम्ही शेती केलीत, कागदावर दुसऱ्याचं नाव लावून, कारण कायद्यातून तेवढीच पळवाट होती. मंदीत बुडालात. दिवाळखोरी जाहीर करायची सोय होती, ती न घेता वर्षानुवर्षं देणी फेडत राहिलात. शेतकऱ्याची पत म्हणजे काय ते मी घरी पाहिलेलं आहे, त्यामुळे हा मजकूर मी पुन्हा वाचला.

आणि या सगळ्या काळात तुम्ही बोलत राहिलात. चर्चमध्ये, क्लबांत, कुणी बोलावलं की भारताच्या स्वातंत्र्यावर भाषण. मिस मेयो या अमेरिकन लेखिकेने 'मदर इंडिया' पुस्तकात केलेल्या भारताच्या बदनामीला उत्तर म्हणून 1930 मध्ये पुस्तक लिहिलंत, स्टॉकटनच्या गुरुद्वाराच्या सांगण्यावरून. मत द्यायचा हक्क नसताना राजकारणात इतका जीव गुंतवणारा माणूस मला आधी विचित्र वाटला. मग लक्षात आलं, की हक्क नाही म्हणून तुम्ही शेजारी व्हायचं थांबला नव्हता.

1942 मध्ये तुम्ही इंडिया असोसिएशन ऑफ अमेरिका काढलीत, वर्गण्या गोळा केल्यात, नागरिकत्वाच्या कायद्यासाठी खटपट केलीत. एकट्याने नाही, हे तुम्हीही मान्य कराल. न्यूयॉर्कच्या इंडिया लीगचे जे. जे. सिंग याच कामासाठी वॉशिंग्टनच्या पायऱ्या झिजवत होते. 2 जुलै 1946 रोजी अध्यक्ष ट्रुमन यांनी लूस-सेलर कायद्यावर सही केली. भारतातून वर्षाला 100 माणसं, इतकाच कोटा. आज हसू येईल असा आकडा. पण त्या कायद्याने इथे आधीच असलेल्यांना नागरिक होण्याची वाट मोकळी झाली. त्यातले सेलर हेच पुढे 1965 च्या कायद्यातही होते, ज्याच्यामुळे माझ्यासारखीला येता आलं. 1965 चं श्रेय तुम्हाला देत नाही. तेव्हा तुम्ही आजारी होतात, काँग्रेसबाहेर होतात. पण 1946 च्या आधी जे शेतात राबून वर्गणी देत होते, त्यांची मी देणेकरी आहे.

16 डिसेंबर 1949 ला तुम्ही नागरिक झालात आणि वर्ष पुरं व्हायच्या आत वेस्टमोरलंडच्या न्यायाधीशपदाला उभे राहून निवडून आलात. नागरिक होऊन एक वर्ष झालेलं नाही, म्हणून निवड रद्द! इथे मी पुस्तक खाली ठेवून चहा केला. माझ्या पडण्यात निदान नियमांचा अडथळा नव्हता. 1952 मध्ये तुम्ही परत उभे राहिलात आणि 13 मतांनी जिंकलात. तेरा. गावातल्या हॉटेलात कुणीतरी मुद्दाम मोठ्याने विचारलं होतं, की तू जज्ज झालास तर कोर्टात यायला फेटे तू देणार की आम्ही विकत आणायचे? डोक्यावर काय आहे याच्याशी मला कर्तव्य नाही, डोक्यात काय आहे ते बघेन, असं उत्तर देऊन तुम्ही सगळ्या हॉटेलाला हसवलंत. माझ्या प्रचारात मलाही असाच एक प्रश्न आला होता, साडीवरून. मी तेव्हा चिडले होते. पुढच्या वेळी काय करायचं ते आता माहीत आहे.

1956 ची निवडणूक सगळे रंगवून सांगतात आणि ती आहेच तशी. समोर जॅकलिन कॉक्रन, आवाजाचा वेग ओलांडणारी पहिली महिला वैमानिक, नवरा गडगंज, स्वतः विमान उडवत प्रचाराला फिरणारी. वर त्याच वर्षी तिच्याच रिपब्लिकन पक्षाच्या अध्यक्ष आयसेनहॉवर यांची लाट. त्याआधी पक्षांतर्गत फेरीतल्या प्रतिस्पर्ध्याने काँग्रेसमध्ये जायला लागणारी नागरिकत्वाची सात वर्षं तुम्हाला झालेली नाहीत म्हणून कोर्टात खेचलेलं. सात वर्षं शपथविधीच्या जेमतेम आधी पुरी होत होती. तुमच्या घरच्यांनी दारोदार जाऊन मतदार नोंदवले. आणि तुम्ही आलात.

आता माझा मुद्दा. त्या मतदारसंघात भारतीय मतं किती होती? मूठभर. पुष्कळ पंजाबी शेतकरी तर तोवर नागरिकही झालेले नव्हते. 'आपली मतं किती' हा हिशोब तुम्ही केला असतात तर अर्जच भरला नसतात. तुम्हाला मतं दिली ती लेट्यूस पिकवणाऱ्यांनी, खतांच्या दुकानदारांनी, ज्यांनी तुमचा निवाडा कोर्टात ऐकला होता त्यांनी, ज्यांचं देणं तुम्ही मंदीनंतर बुडवलं नव्हतंत त्यांनी. तुम्ही इंपीरियल व्हॅलीचे प्रतिनिधी होतात. भारतीयांना अभिमान वाटला हा वरचा नफा. आम्ही आज दिवाळीला उमेदवाराला बोलावतो, शाल घालतो, फोटो काढतो आणि त्याला राजकारण समजतो. शाळेच्या बसचा मार्ग कुठून जावा, या बैठकीला मात्र आमच्यातलं कुणी नसतं.

सगळंच मला पटलं असं नाही. 1957 च्या अखेरीस तुम्ही आशियाच्या दौऱ्यावर गेलात, दिल्लीत आपल्या संसदेसमोर बोललात, सदतीस वर्षांनी गावी गेलात. नुकतंच लिटल रॉक घडलं होतं. काळी मुलं शाळेत जावीत म्हणून लष्कर बोलवावं लागलं होतं. तुम्ही जागोजाग स्वतःचं उदाहरण देऊन अमेरिकेची बाजू मांडलीत. ती जरा जास्तच गोड करून मांडलीत, असं मला वाटतं. पण नागरी हक्कांच्या कायद्याच्या बाजूने तुम्ही सभागृहात उभे राहिला होतात, हेही खरं, म्हणून हा वाद मी ताणत नाही.

1962 च्या मे महिन्यात विमानात पक्षाघाताचा झटका आला आणि तुमचं बोलणं गेलं. त्या वर्षीच्या निवडणुकीत तुम्ही हरलात. भारतात जन्मलेलं कुणी पुन्हा त्या सभागृहात निवडून जायला 2016 उजाडलं: प्रमिला जयपाल आणि राजा कृष्णमूर्ती. 2022 मध्ये मिशिगनमधून श्री ठाणेदार आले. ते बेळगावचे, घरात मराठी बोलणारे, तेव्हा आमच्या पंगतीत त्या दिवशी केवढा आनंद झाला असेल तो तुम्ही समजू शकाल.

मॅरियन बाईंचे आभार वेगळे मानायचे आहेत. 1928 मध्ये तुमच्याशी लग्न केलं म्हणून त्यांचं, अमेरिकेत जन्मलेल्या बाईचं, नागरिकत्व गेलं, असला त्या वेळचा कायदा होता. पुढे त्याच बाई तुमच्यासाठी मतदारांच्या दारात उभ्या राहिल्या. त्यांच्यावर कुठे फारसं लिहिलेलं सापडत नाही. तुमच्या नावाच्या पोस्टात त्यांच्याही नावाची पाटी हवी, अशी मागणी मी करणार आहे. बघू.

शाळा मंडळाच्या बैठकांना मी आता नेमाने जाते. बसमार्गाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. पुढचा अर्ज ऑगस्टमध्ये भरायचा आहे आणि या वेळी पंगतीत कुणाला विचारणार नाही.

आपली नम्र,
एक जतकर, मु. पो. रिव्हरसाइड काउंटी