वडाच्या पाराबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापक समिती

विषय : आवारातील वडाभोवतीचा ग्रॅनाइटचा पार आणि रोषणाई

सप्रेम नमस्कार,

वटपौर्णिमेआधी वडाला ग्रॅनाइटचा पार बांधायचा, बुंध्यापर्यंत कोबा घालायचा आणि फांद्यांवर कायमची रोषणाई करायची, अशी नोटीस वाचली. हेतू भक्तीचा आहे, हे मान्य. पण ज्याला फेऱ्या मारायच्या त्याचाच श्वास कोंडणार असेल, तर ती पूजा कसली? म्हणून हा लेखी आक्षेप.

झाडाची पाणी शोषणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि त्यांना हवाही लागते. पार्किंगकडचे पेव्हर ब्लॉक उचलले गेलेत, ते खाली जागा उरली नाही म्हणून. मागच्या रोषणाईचे खिळे अजून खोडात आहेत. एका खिळ्याखाली चिकाचा काळा ओघळ वाळलाय, जाऊन बघा. सुती दोरा पावसात कुजून गळतो. नायलॉनचा मात्र सालीत रुतत जातो.

सह्याद्रीतल्या देवरायांत देवाच्या नावाने लोक हात आवरत, वाळकी काटकीसुद्धा उचलत नसत. आपण देवाच्या नावाने ड्रिल मशीन चालवतोय.

कायद्याचंही बघा. महाराष्ट्राच्या 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यात झाडाला इजा करणं हेही झाड तोडण्यातच धरलंय आणि 2021 च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा आहे. आपला वड इमारतीच्याही आधीचा आहे.

गाड्या घाण होतात ही तक्रार खरी (माझीही तिथेच असते), पण वड फळला की हरियल, आपला राज्यपक्षी, आणि तांबट त्याच्यावर जगतात. रात्री वटवाघळं येतात, त्यांना अंधार हवा. गाडीला कव्हर घालता येतं.

तेव्हा पार आणि रोषणाई रद्द करावी. बुंध्याभोवतीचा जुना कोबा मुळं न दुखावता हाताने फोडून माती मोकळी करावी, खिळे-दोरे जाणकाराकडून काढून घ्यावेत आणि पालापाचोळा गोणीत न भरता तिथेच पसरू द्यावा. पूजेच्या दिवशी निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीसकट बुंध्याशी ठेवणाऱ्यांना कोण सांगणार, हेही एकदा ठरवा. मी सांगून थकले.

हा विषय येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा. तोवर ठेकेदाराला ॲडव्हान्स देऊ नये, ही विनंती.

आपली,
बी विंगमधील एक सभासद