विजेची गाडी घ्यायची आहे, पण चार्जर सातपुड्याच्या पायथ्यालाही हवेत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सध्याची गाडी कोणती आणि पुढची कोणती घ्यायची, यावर आपल्या दैनिकात काही दिवस वाचकांची पत्रे येत आहेत. सनरूफ, मोठा पडदा, सहा की सात जण बसतील, असे त्यांत बरेच वाचले. मी चोपडा तालुक्यात जनावरांची डॉक्टर आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो, तिथे छताला काच कशाला हवी, हे मला खरोखर कळत नाही. माझी गाडी म्हणजे माझा दवाखाना आहे, म्हणून थोडे वेगळे सांगायचे आहे.

माझ्याकडे २०१२ ची डिझेल बोलेरो आहे. मागे स्प्रिंगचे पाटे असल्यामुळे रिकामी असली की आदळते, भरली की शांत चालते. माझी रिकामी नसतेच. कृत्रिम रेतनाच्या गोठवलेल्या रेतमात्रांचा द्रव नायट्रोजनचा डबा (आत उणे १९६ अंश), कॅल्शियमच्या बाटल्या, वासरू ओढायच्या दोऱ्या, बादली, गमबूट, लसींची बर्फपेटी. सत्रासेन, वैजापूरकडच्या पाड्यांवर निघाले की कुठेतरी डांबर संपते, मग नाले आणि बैलगाडीच्या चाकोऱ्या. तिथे या गाडीने मला कधी अडकवून ठेवलेले नाही. क्लच गेला तर अडावदचा मिस्त्रीसुद्धा दुपारपर्यंत जुळवून देतो. हा भरवसा फार मोठा आहे. जी गाडी तालुक्यात दुरुस्त होत नाही ती आमच्या कामाची नाही.

२०२७ मध्ये तिला पंधरा वर्षे होतील. आरटीओत तपासणी करून, पर्यावरण कर भरून आणखी पाच वर्षे नोंदणी वाढवून मिळते आणि इंजिनही अजून दमदार आहे. तरी मला ती बदलायची आहे.

कारण सांगते. २०२२ च्या ऑगस्टमध्ये राज्यातला लम्पी या गुरांच्या त्वचारोगाचा पहिला रुग्ण आपल्याच जिल्ह्यात, रावेर तालुक्यातल्या चिनावलला सापडला. पुढचे आठवडे इथला कोणताही पशुवैद्यक विसरणार नाही. शेळ्यांच्या देवीची लस गाई-बैलांना टोचत आम्ही गोठ्यागोठ्यातून फिरत होतो. लस २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे, नाहीतर टोचून उपयोग नाही. गाडी उन्हात उभी करून एसी चालू ठेवायचा तर इंजिन चालू ठेवावे लागते. गोठ्याच्या तोंडाशी धूर आणि धडधड, आधीच तापाने फणफणलेले जनावर आणखी बिथरते. इंजिन बंद करावे तर पेटीतला बर्फ किती टिकेल याची धास्ती. उन्हाळ्यातल्या लसीकरणात हे दर वर्षीचेच आहे.

विजेच्या गाडीत उभ्या उभ्या एसी चालतो. धूर नाही, आवाज नाही. माझ्या मनात नेक्सॉन ईव्ही आहे, ४५ किलोवॉट-तासांच्या बॅटरीची. तिच्यातून बाहेरच्या उपकरणाला वीजही देता येते. रात्री पाड्यावर म्हैस अडते आणि नेमकी वीज गेलेली असते. मोबाइलच्या उजेडात सिझेरियन केलेल्या माणसालाच त्या सोयीची किंमत कळेल. दोन चांगले दिवे लागले, पाणी उकळले, तर म्हैसही वाचते आणि पारडूही. एका घराची वर्षाची मिळकत त्या रात्री गोठ्यात आडवी पडलेली असते.

खर्चाचे गणितही जमते. बोलेरो लिटरला बारा-तेरा किलोमीटर देते, म्हणजे किलोमीटरला सात रुपये नुसते डिझेलचे. विजेची गाडी एका युनिटला सहा-सात किलोमीटर जाते. आमच्या घरावर तीन किलोवॉटचे सौर पॅनेल आहेत (पीएम सूर्यघर योजनेत त्याला ७८ हजारांचे अनुदान आहे). त्यातून दिवसाला साधारण बारा युनिट निघतात. खान्देशाचे ऊन आजवर फक्त सोसले, आता त्यावर गाडी चालू शकते, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

पाड्यावरचे एक बाबा गाडीचे ऐकून म्हणाले, “ताई, नालामा बंद पडनी तं?” प्रश्न रास्त आहे. बॅटरीच्या पेटीत पाणी शिरणार नाही अशी तिची बांधणी असते, हे मी त्यांना सांगितले. पण चार्जिंग संपले तर काय, याचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

रोजची फिरती घरच्या चार्जिंगवर भागेल. पण सकाळी पाडे, दुपारी नायट्रोजन भरायला जळगाव आणि घरी टेकते न टेकते तोच रात्रीचा फोन, असे दिवस येतातच. त्या दिवशी अर्ध्या-पाऊण तासात गाडी भरून देणारा जलद चार्जर तालुक्याच्या गावात हवा, आणि तो चालू हवा. आमच्या नात्यातले एक जण विजेची गाडी घेऊन लग्नाला आले. मोबाइलवर दिसणारा चार्जर प्रत्यक्षात बंद निघाला आणि त्यांना मुक्काम करावा लागला. अडलेली म्हैस मुक्काम करू देत नाही.

राज्याच्या २०२५ च्या धोरणात विजेच्या मोटारींना मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धी महामार्गावर पथकर माफ आहे. यांपैकी एकही रस्ता खान्देशातून जात नाही. आम्हाला सवलत नको, सोय द्या. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर रावेर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा, तळोदा ही गावे ओळीने आहेत. प्रत्येक ठिकाणी बाजार समिती आहे. तिच्या आवारात शेडखाली एक-एक जलद चार्जर बसवा आणि तो बंद पडला तर कोणाला फोन करायचा, ते नाव तिथे लिहा. केळीचा व्यापारी, माल नेणारे छोटे टेम्पो, आशाताईंना घेऊन फिरणारी वाहने, सगळ्यांच्या उपयोगी पडेल.

दुसरी मागणी मिस्त्रींसाठी. आयटीआयमध्ये विजेच्या वाहनांच्या दुरुस्तीचा अभ्यासक्रम आता आहे. तो तालुक्याच्या आयटीआयमध्ये सुरू करा आणि आज गॅरेज चालवणाऱ्यांनाही त्यात संध्याकाळी बसू द्या. अडावदच्या मिस्त्रीला माझी पुढची गाडी उघडता आली पाहिजे.

चोपड्याच्या बाजार समितीत चार्जर सुरू झाला की त्याच महिन्यात मी गाडी नोंदवीन. तोवर बोलेरोच्या नोंदणीची मुदत वाढवून घेते.

आपली,
एक पशुवैद्यक
चोपडा, जि. जळगाव